प्रश्नांसाठी राखलेला वेळ

कल्याणजवळ एके काळी सूर्याकडे तोंड करून ३२ तबकड्या उभ्या होत्या, हे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापुरातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. प्रत्येक तबकडी सुमारे ६ फूट व्यासाची. २४ तबकड्या पूर्व-पश्चिम रेषेत ६३० मीटरभर पसरलेल्या, उरलेल्या ८ दक्षिणोत्तर रेषेत. १९६५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेली ही त्या संस्थेची पहिली रेडिओ दुर्बीण. ६१० मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींत ती सूर्याचे निरीक्षण करी. या लहरींत सूर्यबिंबाची कड मध्यभागापेक्षा उजळ दिसते आणि सूर्याभोवतीच्या प्रभामंडलाचे तापमान १० लाख अंशांच्या घरात आहे, असे तिच्यावरच्या निरीक्षणांतून दिसले. आज आपण ज्या रेल्वेमार्गाने रोज मुंबईला जातो-येतो, त्याच मार्गावरच्या कल्याणजवळ हे काम झाले.

या दुर्बिणीचे मूळ शोधत गेले की दोन परिषदांपाशी येऊन थांबावे लागते. पहिली १९५२ सालची, सिडनीत भरलेली रेडिओ विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय संघाची सभा. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे संचालक के. एस. कृष्णन तिथे गेले होते. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांचे रेडिओ खगोलशास्त्रातले काम त्यांनी पाहिले, ते त्यांच्या मनात भरले, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या प्रयोगशाळेतल्या गोविंद स्वरूप या तरुणाला शिकायला सिडनीला पाठवले. तिथल्या पॉट्स हिल या ठिकाणी ख्रिस्तियानसेन यांनी सूर्याच्या निरीक्षणासाठी ३२ तबकड्यांची रांग उभारली होती. तिचे काम संपत आले तेव्हा या तबकड्या भारताला द्याव्यात, असे स्वरूप यांनी सुचवले आणि ऑस्ट्रेलियन संस्थेने त्या भेट म्हणून दिल्या. दिल्लीत त्या कित्येक वर्षे वापराविना पडून राहिल्या.

दुसरी परिषद १९६१च्या ऑगस्टमधली, अमेरिकेतल्या बर्कले इथे भरलेली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची महासभा. परदेशात काम करणारे भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञ तिथे एकमेकांना भेटले. मायदेशी परतून एकत्र गट उभा करायचा, असा विचार या भेटीगाठींत पक्का झाला. सप्टेंबरात स्वरूप, मेनन, कुंडू आणि टी. कृष्णन या चौघांच्या नावाने होमी भाभांसह देशातल्या विज्ञानसंस्थांच्या प्रमुखांकडे प्रस्ताव गेला. १९६२च्या जानेवारीत भाभांची होकाराची तार आली. १९६३ साली स्वरूप परतले, तबकड्या दिल्लीहून कल्याणला आल्या आणि दोन वर्षांत दुर्बीण चालू झाली. पुढे याच गटाने १९७० साली उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण बांधली आणि मग नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी. बर्कलेच्या कार्यक्रमपत्रिकेत या बेताला जागा नव्हती. तो ठरला सत्रांच्या मधल्या वेळात.

शास्त्रज्ञ परिषदेत नेमके करतात काय, हा या पुस्तकाचा विषय आहे. तो निवडावासा वाटला, कारण विज्ञानाचा हा भाग आपल्यापर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही. शोध लागल्याची बातमी येते, पुरस्काराची येते. त्याआधी त्या कामावर कोणकोण तुटून पडले, कुणाच्या शंकेने प्रयोग पुन्हा करावा लागला, कुणी भर सभेत आपला आकडा मागे घेतला, हे छापून येत नाही. पाठ्यपुस्तकातले विज्ञान वाद संपल्यानंतरचे असते. परिषदेतले विज्ञान वाद चालू असतानाचे असते, आणि माझ्या मते विद्यार्थ्याने ते आधी पाहावे.

परिषदेची रीत साधी आहे. काही महिने आधी निवेदन निघते. ज्याला काही सांगायचे आहे तो अडीच-तीनशे शब्दांचा गोषवारा पाठवतो. निवड समिती तो वाचून ठरवते की हे व्यासपीठावरून सांगायचे की पोस्टरवर मांडायचे. मान्यवरांची बीजभाषणे पाऊण तासाची असतात. बाकीच्यांना १२ ते १५ मिनिटे आणि त्यानंतर प्रश्नांसाठी ३ ते ५ मिनिटे. मोठ्या परिषदेत चार-पाच दालनांत एकाच वेळी सत्रे चालतात आणि कुठे जायचे हे माणसाला निवडावे लागते. सत्राध्यक्ष घड्याळ लावून बसतो. बोलणारा लांबला तर त्याला थांबवणे हे त्याचे पहिले कर्तव्य, कारण लांबलेले प्रत्येक मिनिट प्रश्नांच्या वेळातून जाते.

त्या ३ ते ५ मिनिटांसाठी सगळा खटाटोप असतो. शोधनिबंध तर घरी बसूनही वाचता येतो. पण निबंधाला उलटून विचारता येत नाही. सभागृहात मागच्या रांगेतला कोणी उठतो आणि विचारतो, तुमच्या तिसऱ्या आलेखात त्रुटीच्या रेषा का नाहीत? नमुने किती होते? हेच आम्हीही केले, आम्हाला असे दिसले नाही, तुम्ही द्रावक कोणता वापरला? उत्तर देणारा एकतर नीट उत्तर देतो, नाहीतर म्हणतो, हे आम्ही तपासलेले नाही. हे दुसरे वाक्य सर्वांसमोर म्हणता येणे, आणि म्हटल्यावर मान खाली न जाणे, ही विज्ञानाने शेकडो वर्षांत कमावलेली रीत आहे. आपल्या घरात, कचेरीत, सार्वजनिक सभेत हे वाक्य किती वेळा ऐकू येते, ते आठवून पाहावे.

पोस्टरच्या दालनात हेच अधिक मोकळेपणाने घडते. तिथे नवखा विद्यार्थी आपल्या तक्त्याशेजारी दोन तास उभा असतो. ज्यांची नावे त्याने फक्त पुस्तकांच्या पाठीवर वाचलेली असतात ती माणसे समोर येऊन थांबतात, चष्मा सावरून आकडे वाचतात आणि विचारतात, हे तू स्वतः केलेस? व्यासपीठावरच्या १२ मिनिटांपेक्षा हे दोन तास मला मोलाचे वाटतात. पुढचा मार्गदर्शक, पुढची प्रयोगशाळा, कधी नोकरीसुद्धा या दालनात सापडते.

आपल्या भागात रसायनाचे कारखाने पुष्कळ, म्हणून रसायनशास्त्राची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. १८६० सालच्या सप्टेंबरच्या सुरुवातीला जर्मनीतल्या कार्लस्रुहे इथे युरोपभरातले सव्वाशेच्या वर रसायनशास्त्रज्ञ तीन दिवस जमले. अडचण मोठी होती. अणुभार किती मानायचे यावर एकमत नव्हते, त्यामुळे एकाच पदार्थाची सूत्रे देशोदेशी वेगळी लिहिली जात. व्हिनेगरमधल्या ॲसिटिक आम्लाची तेव्हा प्रचलित असलेली १९ सूत्रे केकुले यांनी आपल्या ग्रंथात नोंदली आहेत. तीन दिवस वाद झाला आणि निर्णय काही झाला नाही. परिषद संपताना इटलीच्या कानिझारो यांची एक पुस्तिका उपस्थितांना वाटण्यात आली. अणू आणि रेणू यांतला फरक धरून अणुभार सुसंगतपणे कसे काढायचे, ते तिच्यात होते. जर्मनीच्या लोथार मायर यांनी ती वाचली आणि त्यांचा गोंधळ मिटला. रशियाहून आलेले तरुण मेंडेलीव्हही त्या परिषदेत होते. १८६९ साली त्यांनी आवर्तसारणी मांडली, ती याच सुधारलेल्या अणुभारांच्या आधारावर. ठरावांच्या वहीत पाहिले तर कार्लस्रुहेची परिषद निष्फळ ठरेल. म्हणूनच परिषदेच्या अखेरीस किती ठराव संमत झाले यावरून तिचे मोल करू नये, असे मला ठामपणे वाटते.

काही वेळा मात्र ठराव करावाच लागतो. शब्दाचा अर्थ, मापाचे एकक, पदार्थाचे नाव सर्वांसाठी एकच असावे लागते. बर्कलेला भरलेल्या त्याच खगोलशास्त्रीय संघाने २००६ साली प्राग इथे मतदान घेऊन ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लूटो ग्रहांच्या यादीतून बाहेर पडला. शाळेतल्या मुलांपर्यंत थेट पोहोचलेला परिषदेचा निर्णय म्हणून तो सगळ्यांना आठवतो.

दुरुस्तीची एक गोष्ट तर आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिराचीच आहे. मंदिरातल्या शिलालेखाचे वाचन डॉ. भाऊ दाजी लाड यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांनी साल वाचले शके ७८२, म्हणजे इसवी सन ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख नव्याने तपासला आणि साल शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० असल्याचे त्याच नियतकालिकातून दाखवले. एका अंकाच्या वाचनाने मंदिर २०० वर्षांनी अलीकडे आले आणि शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळात नीट बसले. भाऊ दाजींचा अधिकार मोठा होता, तरी दुरुस्ती झाली आणि ती त्याच मंडळात, त्याच नियतकालिकात झाली. आज मंदिराबाहेर आपण १०६० हे साल सांगतो ते या दुरुस्तीमुळे. भाऊ दाजींचे मोठेपण त्याने तसूभर कमी झालेले नाही.

१९६१ या सालाकडे मी पुन्हा वळतो. त्या वर्षी फेब्रुवारीत लंडनला रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत केंब्रिजचे मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांची आपली मोजदाद मांडली. क्षीण, म्हणजे दूरचे, स्रोत अपेक्षेपेक्षा जास्त भरतात. तेव्हा विश्व सर्व काळ सारखेच असते हा फ्रेड हॉईल यांचा स्थिर स्थिती सिद्धान्त टिकत नाही, असा त्यांचा दावा होता. हॉईल यांना त्या दिवशी येणे शक्य नव्हते. उत्तर द्यायला त्यांनी आपल्या विद्यार्थ्याला पाठवले. तो विद्यार्थी जयंत नारळीकर, वय २२. रेडिओ खगोलशास्त्रातल्या एवढ्या अधिकारी माणसासमोर, भरल्या सभेत, संशोधनाची नुकती सुरुवात केलेल्या मराठी मुलाने बाजू मांडली आणि सभेने ती ऐकून घेतली. वय, हुद्दा, देश आड आला नाही.

याचा पुढचा भाग आपल्या परिसराला जोडलेला आहे. कल्याणच्या दुर्बिणीवर ज्यांची उमेदवारी झाली त्या विजय कपाही यांनी आणि स्वरूप यांनी १९७५ साली उटीच्या निरीक्षणांतून रेडिओ स्रोतांच्या कोनीय आकारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विश्व काळाप्रमाणे बदलत आले आहे, या मताला त्याने बळ मिळाले, म्हणजे नारळीकरांच्या बाजूला धक्का बसला. नंतर १९८८ साली नारळीकरांनी पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारली आणि स्वरूप यांच्या गटाचे राष्ट्रीय केंद्र त्याच आवारात शेजारी आले. दोन्ही संस्था संशोधक विद्यार्थ्यांचे वर्ग मिळून चालवत आल्या आहेत. सिद्धान्तावरून उभा दावा असलेली माणसे एकाच फळ्यासमोर विद्यार्थी घडवत आली, हे दृश्य मला कुठल्याही शोधाइतकेच महत्त्वाचे वाटते. मतभेद वैर न होता दीर्घकाळ चालवण्याची शिकवण परिषदांच्या सभागृहात मिळते.

हे सगळे आकाशातले झाले. आपल्या पायाखालचा विषय घेऊ. वालधुनी अंबरनाथच्या डोंगरांत उगम पावते, शिवमंदिराच्या अंगणाशेजारून वाहते, उल्हासनगर ओलांडते आणि कल्याणला उल्हास नदीला मिळते. तिच्यात कारखान्यांचे, जीन्स रंगवण्या-धुण्याच्या व्यवसायाचे आणि घरांचे सांडपाणी वर्षानुवर्षे गेले. २०१४ साली तिच्यात सोडलेल्या रासायनिक कचऱ्याच्या वायूमुळे उल्हासनगरमधल्या शेकडो रहिवाशांना रुग्णालय गाठावे लागले. या नदीवर महाविद्यालयांतले विद्यार्थी प्रकल्प करतात. असा प्रकल्प परिषदेत मांडला गेला की काय विचारले जाईल? नमुना कोणत्या वेळी घेतला? रात्री सोडलेले पाणी सकाळी ११च्या नमुन्यात येईलच कशावरून? पावसानंतर किती दिवसांनी घेतला? खाडीच्या भरतीचे पाणी तिथवर पोहोचते का? पाण्यातला सेंद्रिय मळ मोजणारी बीओडीची चाचणी भारतीय मानकाप्रमाणे २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस चालते, परदेशातल्या बहुतेक निबंधांत ती २० अंशांना ५ दिवसांची असते; मग तुम्ही ज्या आकड्यांशी तुलना केली ते कोणत्या चाचणीचे? अशा चार प्रश्नांनंतर तो विद्यार्थी घरी जाऊन जो अभ्यास करेल, तो कोणालाही, न्यायालयात वा पालिकेतही, सहज उडवून लावता येणार नाही. आपल्या नदीला आज अशा प्रश्नांतून तावून निघालेल्या आकड्यांची गरज आहे, आणि ते आकडे इथल्याच मुलांनी काढावेत अशी माझी तळमळ आहे.

परिषदेत सगळेच बोलले जाते असेही नाही. अंबरनाथला संरक्षण खात्याची नौसेना पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आहे. पाणबुडीला जास्त काळ पाण्याखाली राहता यावे म्हणून लागणारी इंधनघटाची प्रणाली तिथे विकसित झाली आणि २०२१च्या मार्चमध्ये तिच्या जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी यशस्वी झाली. अशा ठिकाणचा शास्त्रज्ञ गंजरोधक लेपावर किंवा इलेक्ट्रोडवर सर्वसाधारण बोलू शकतो, नेमके आकडे सांगू शकत नाही. औषधकारखान्यातल्या रसायनतज्ज्ञालाही मालकाच्या पेटंटची मर्यादा असते. ही बंधने रास्त आहेत. उलट बाजूने, माणसाने मोकळे बोलावे म्हणून काही परिषदा स्वतःवर बंधन घालून घेतात. अमेरिकेत १९३१ साली सुरू झालेल्या गॉर्डन परिषदांत ऐकलेले बाहेर छापायचे नाही, तक्त्यांची छायाचित्रे घ्यायची नाहीत, असा नियम आहे. अर्धवट कामावर चर्चा हवी असेल तर एवढा विश्वास द्यावा लागतो.

आता दुखऱ्या भागाकडे येतो. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे परिषदा उदंड झाल्या. प्राध्यापकांच्या बढतीच्या गुणांत वाचलेल्या निबंधांची मोजणी आली आणि निबंध वाचणे हेच उद्दिष्ट झाले. सकाळी उद्घाटन, दीपप्रज्वलन, सत्कार, पाहुण्यांची मनोगते. जेवणानंतर एका वर्गात तीसजणांनी प्रत्येकी ४ मिनिटांत निबंध वाचायचे, प्रश्नांना वेळ नाही, संध्याकाळी प्रमाणपत्र. पैसे भरा, कोणताही निबंध स्वीकारू, अशी आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या आयोजकांची पत्रेही येतात. ही विद्यार्थ्यांची फसवणूक आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. ज्या मुलाच्या कामावर कोणी एकही शंका काढली नाही, त्याला आपले काम बरोबर आहे असे वाटते, आणि त्याचे शिकणे तिथेच थांबते.

मोठ्या परिषदाही यातून सुटलेल्या नाहीत. १९१४ साली कोलकात्यात पहिले अधिवेशन भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसचे २०१५चे अधिवेशन मुंबई विद्यापीठाच्या कलिना आवारात झाले. त्यात प्राचीन भारतातल्या विमानविद्येवर एक निबंध वाचला गेला. ज्या ग्रंथाचा आधार दिला होता, तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा असल्याचे आणि त्यातली याने उडू शकणार नसल्याचे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ सालीच दाखवून दिले होते. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी त्या निबंधाला हरकत घेतली ती योग्यच होती. व्यासपीठ देण्यापूर्वी झालेले काम तपासणे ही निवड समितीची जबाबदारी आहे आणि तिथे ती पार पाडली गेली नाही.

चांगल्या वाटा आपल्या हाताशी आहेत. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेत पदवीच्या विद्यार्थ्यालाही पोस्टर मांडून परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. उल्हासनगरची चांदीबाई आणि तलरेजा ही महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी जोडलेली आहेत, त्यामुळे इथल्या मुलांना ती वाट खुली आहे. १९६६ साली स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद गावोगावी वार्षिक अधिवेशने भरवत आली आहे. तिथे विज्ञानावरचा वाद मराठीत ऐकता येतो. टाटा संस्थेची, आयुकाची अनेक व्याख्याने सर्वांसाठी खुली असतात. बदलापूरहून कुलाब्याला किंवा पुण्याला जाणे दगदगीचे आहे खरे, पण इथली माणसे नोकरीसाठी याहून अधिक दगदग रोज सोसतात.

पुढच्या प्रकरणांत गोषवारा कसा लिहावा, पोस्टर कसे मांडावे, प्रश्न कसा विचारावा आणि उत्तर येत नसेल तर काय म्हणावे, हे सविस्तर येईल. त्याआधी दोन विनंत्या. आपल्या तिन्ही गावांतल्या प्राचार्यांनी आणि आयोजकांनी पुढच्या परिषदेत सत्कार आटोपते घ्यावेत, निबंध कमी निवडावेत आणि प्रत्येक निबंधामागे निदान ५ मिनिटे प्रश्नांसाठी ठेवावीत. आणि विद्यार्थ्यांनो, अशा सभागृहात गेलात की मागच्या रांगेत बसलात तरी चालेल, पण हात वर करा, आपले नाव आणि महाविद्यालय सांगा आणि जे कळले नाही ते विचारा.